किती पोती झाली?

सोयाबीनची मळणी उरकली की धाराशिव जिल्ह्यातल्या आमच्या कळंब भागात आडतीवर, पारावर, एसटी स्टँडच्या बाकड्यावर एकच प्रश्न फिरत असतो. "औंदा किती पोती झाली?" उत्तरही ठरलेलं. "झाली की पोटापुरती." विचारणारा सख्खा चुलता असला तरी आकडा काही बाहेर येत नाही. खोटं बोलायचं नाही आणि खरंही सांगायचं नाही, अशी ही बोलण्याची तऱ्हा बापाकडून लेकाकडं चालत आली आहे. त्याच्याही मागं जा. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. लेव्हीचं धान्य वसूल करायला माणसं यायची आणि लोक ज्वारी जमिनीतल्या पेवात ठेवायचे. पेव कुठं आहे आणि त्यात किती आहे, या दोन गोष्टी उंबऱ्याबाहेर जात नसत.

तेव्हा गोपनीयता हे शहरातल्या शिकलेल्या लोकांचं खूळ आहे, असं मला कुणी सांगू नये. ती आपल्याला चांगली येते. ज्वारीच्या बाबतीत येते, सोन्याच्या बाबतीत येते. आधार कार्डाशी आलो की मात्र हात सैल सुटतो.

मागं एकदा बाजारच्या दिवशी भजी घेतली. कागद उलगडला तर आतून एक बाई माझ्याकडं बघत होत्या. आधारची झेरॉक्स होती, जरा तिरकी निघाली म्हणून टाकून दिलेली. नाव, जन्मतारीख, गावाचा पत्ता, बारा आकडे. तेलात भिजलेलं, पण सगळं वाचता येत होतं. त्या बाईंनी आपल्या सोयाबीनचा आकडा जावेलासुद्धा सांगितला नसेल.

झेरॉक्सच्या काउंटरवर

ऑनलाइन चोर संगणक फोडून आत येतो, असं आपल्याला वाटतं. तसंही होतं. २०१८ च्या ऑगस्टमध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेची यंत्रणा भेदून चोरट्यांनी ९४ कोटींहून अधिक रुपये लंपास केले. त्यात खातेदाराच्या हाती काहीच नव्हतं. आपल्या वाट्याला येणारी चोरी निराळी. तिच्यात माणूस फोडतात, आणि त्यासाठी लागणारा माल बहुतेक वेळा आपणच कुठल्या तरी काउंटरवर ठेवून आलेलो असतो.

तालुक्याच्या गावी हे कसं होतं ते बघा. पीक विम्याचा फॉर्म भरायचा, लाडकी बहीणची ई-केवायसी करायची, पोराचं जात प्रमाणपत्र काढायचं. सेवा केंद्रावर गर्दी. केंद्रवाला म्हणतो, कागदं माझ्या व्हॉट्सॲपला टाका. आपण आधार, पॅन, पासबुकाचं पहिलं पान, सातबारा असं सगळं त्याच्या खासगी नंबरवर टाकतो. फॉर्म भरला जातो, पावती मिळते, आपण घरी येतो. कागदं मात्र तिथंच राहतात: त्याच्या फोनमध्ये, संगणकाच्या डाउनलोडमध्ये, कुणाच्या तरी पेनड्राइव्हवर. केंद्रचालक चोर असतात असं मी म्हणत नाही. निम्मा तालुका त्यांच्या जिवावर फॉर्म भरतो आणि बहुतेक जण इमानदारीनं काम करतात. पण इमानदार माणसाचाही संगणक दुरुस्तीला जातो आणि त्याच्याकडचा पोरगाही काम सोडून दुसरीकडं जातो.

कागदांचा असा माल हाती आला की काय होतं, याचं उदाहरण लांब शोधायला नको. २०२३ च्या खरिपापासून राज्यात एक रुपयात पीक विमा सुरू झाला. सातबारा तर महाभूलेखवर कुणालाही बघता येतो. हप्ता नाममात्र आणि जमिनीची माहिती उघडी, हे जुळून आल्यावर दुसऱ्याच्या रानावर, काही ठिकाणी चक्क सरकारी जमिनीवर विमा उतरवणारे महाभाग निघाले. बीड, धाराशिवसह अनेक जिल्ह्यांत बोगस अर्ज सापडले, काही केंद्रचालकांवर कारवाई झाली आणि २०२५ च्या खरिपापासून सरकारनं एक रुपयाची योजनाच गुंडाळली. आता सोयाबीनला विमा रकमेच्या २ टक्के हप्ता शेतकऱ्यानं भरायचा आहे. कुणाच्या तरी नावानं कुणी तरी अर्ज केले आणि भुर्दंड सगळ्यांना बसला.

मग करायचं काय? कागद देणं तर टळत नाही. पण पोटापुरता देता येतो. आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर 'मास्क्ड आधार' उतरवून घेता येतं. त्यात पहिले आठ आकडे झाकलेले असतात, शेवटचे चारच दिसतात. लॉजवर, खासगी नोकरीच्या अर्जाला, भाडेकराराला तेच द्यावं. गंमत म्हणजे २०२२ च्या मे महिन्यात प्राधिकरणाच्या बेंगळुरू कार्यालयानं लोकांना हाच सल्ला दिला होता, आणि लोकांचा गैरसमज होईल म्हणून सरकारनं दोनच दिवसांत ते पत्रक मागं घेतलं. पत्रक गेलं तरी सल्ला मला पटलेला आहे.

पूर्ण आकड्यांची प्रत द्यावीच लागली तर तिच्यावर आडवं लिहा: "फक्त अमुक बँकेत खाते उघडण्यासाठी," खाली तारीख आणि सही. अक्षरं फोटोवरून आणि आकड्यांवरून थोडी गेली पाहिजेत, म्हणजे दुसऱ्या कामाला ती प्रत चालणार नाही. मी असं लिहायला लागलो तेव्हा झेरॉक्सवाला पोरगा म्हणाला, "काका, आता काय लिहूलालाव त्याच्यावर?" त्याला सांगितलं. दुसऱ्या खेपेला त्यानंच पेन पुढं केला. बिघडलेली प्रतही मी मागून घेतो. ती माझी आहे, तिचे पैसे त्यानं घेतलेले नसले तरी.

केंद्रावर व्हॉट्सॲपनं कागद पाठवलेच, तर काम झाल्यावर तिथंच उभं राहून दोन्हीकडून पुसून घ्यावेत. आपल्या फोनवरून 'डिलीट फॉर एव्हरीवन' केलं तरी संगणकात उतरवलेली फाइल तशीच राहते. ती पुसायला तोंडानं सांगावं लागतं. आणि तिथल्या संगणकावर आपलं व्हॉट्सॲप जोडलं असेल तर निघताना तोडा. 'लिंक्ड डिव्हाइसेस' उघडून अधूनमधून बघत जा. आपल्या नकळत कुठल्या तरी खिडकीपाशी आपले निरोप वाचले जात नाहीत ना, ते तिथं कळतं.

बोटाच्या ठशाचं जरा सविस्तर सांगतो, कारण म्हाताऱ्या माणसांना सगळ्यात जास्त धोका तिथं आहे. गावात बँक मित्र मशीनवर अंगठा घेऊन पैसे देतो. त्या व्यवहाराला बँकेचं नाव, आधार क्रमांक आणि ठसा एवढंच लागतं. ओटीपी येत नाही, कार्ड लागत नाही. सोय फार मोठी आहे. बँकेची शाखा गाठायला गाडीभाडं खर्चावं लागत नाही. पण देशात ठिकठिकाणी नोंदणीच्या दस्तांवरचे ठसे उचलून त्यांचे नकली अंगठे बनवले गेले आणि खाती रिकामी झाली. यावर कुलूप आहे. आधारच्या ॲपवर किंवा संकेतस्थळावर 'बायोमेट्रिक लॉक' करता येतं. रेशनला अंगठा द्यायचा असेल त्या दिवशी तात्पुरतं उघडायचं. थोड्या वेळानं ते आपोआप पुन्हा लागतं. हे काम घरातल्या शिकत्या पोरानं करून द्यावं. आणि अंगठा लावल्यावर मशीन "झालं नाही, पुन्हा लावा" म्हणालं तर दरवेळी पावती मागावी. न झालेल्या व्यवहाराचीही पावती निघते.

पिन कोड आधी वाचा

कळंब नावाचं तालुक्याचं गाव यवतमाळ जिल्ह्यातही आहे. नुसतं 'कळंब' लिहिलेलं पाकीट तिकडं जाऊन येऊ शकतं. टपालवाला नावाला भुलत नाही. तो शेवटी लिहिलेला ४१३५०७ बघतो आणि पाकीट आपल्या गठ्ठ्यात टाकतो.

संकेतस्थळाचा पत्ताही असाच वाचायचा. सुरुवातीच्या 'https://' नंतरच्या पहिल्या तिरप्या रेघेच्या अलीकडं जे शेवटचं असेल, ते खरं गाव. त्याच्या आधी 'लाडकी बहीण', 'पीएम किसान', 'महाराष्ट्र शासन' असं काहीही लिहिता येतं, त्याला कुणाची परवानगी लागत नाही. सरकारी पत्ता 'डॉट गव्ह डॉट इन'नं किंवा 'डॉट एनआयसी डॉट इन'नं संपतो. बँकांसाठी रिझर्व्ह बँकेनं 'डॉट बँक डॉट इन' हे वेगळं शेपूट ठरवून दिलं आणि ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत तिथं जायला सांगितलं. २०२५ च्या सप्टेंबरात लाडकी बहीणची ई-केवायसी सुरू झाली आणि लगोलग तिच्या नावाची बनावट पानं उगवली. रंग तोच, मंत्र्यांचे फोटो तेच. शेपूट तेवढं वेगळं होतं. देवाचं नावही यातून सुटलेलं नाही: त्याच वर्षी शनिशिंगणापूरच्या देवस्थानाच्या नावानं बनावट ॲपवरून पूजा-अभिषेकाचे पैसे घेतल्याचं प्रकरण पोलिसांत गेलं.

यापेक्षा घातक आहे ती व्हॉट्सॲपवरून येणारी 'डॉट एपीके' नावाची फाइल. कधी ती लग्नपत्रिका असते, कधी आरटीओचं चलान, कधी पीएम किसानची यादी. दाबली की फोन विचारतो, हे ॲप टाकू का? मग ते ॲप एसएमएस वाचायची परवानगी मागतं. आपण 'हो, हो' दाबत जातो. त्यानंतर आपल्या फोनवर येणारा प्रत्येक ओटीपी चोराकडंही जातो. वर तीच फाइल आपल्या नावानं आपल्या सगळ्या गटांत फिरते. म्हणून ती अनोळखी माणसाकडून येत नाही. सरपंचाच्या नंबरवरून येते, मेहुण्याच्या नंबरवरून येते, आणि आपण विश्वासानं उघडतो. पत्रिका फोटो म्हणून येते किंवा पीडीएफ म्हणून. तिला फोनमध्ये बसवावं लागत नाही. पीएम किसानचे वर्षाचे ६,००० रुपये २०१९ पासून थेट खात्यात पडतात, त्यासाठी कुठलंही ॲप टाकावं लागलेलं नाही.

चुकून टाकलंच, तर लाजत बसू नका. आधी फोन विमान मोडवर टाका, सिम काढा. दुसऱ्याच्या फोनवरून बँकेला कळवून यूपीआय आणि नेट बँकिंग बंद करायला सांगा. मग जाणत्या माणसाकडून फोन पूर्ण कोरा करून घ्या. नुसतं ॲप काढलं तर काही वेळा ते पुन्हा डोकं वर काढतं. आणि ज्या गटांत फाइल गेली असेल तिथं "माझ्याकडून आलेली फाइल उघडू नका" एवढं टाका.

यूपीआयबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवली तरी बरंच निभावतं: पिन टाकला की पैसे जातात. यायला पिन लागत नाही, क्यूआर स्कॅन करावा लागत नाही. जुनं ट्रॅक्टर, म्हैस, ठिबकचा संच विकायला इंटरनेटवर टाकला की जवान असल्याचं सांगणारा एखादा गिऱ्हाईक न बघताच सौदा पक्का करतो आणि "ॲडव्हान्स पाठवलाय, पिन टाकून घ्या" म्हणतो. म्हैस न बघता घेणारा माणूस कळंबच्या बाजारात कुणी पाहिला आहे का? "चुकून तुमच्या खात्यात पैसे आले, परत करा" म्हणणाऱ्याचंही तसंच. आलेला एसएमएस कुणीही लिहू शकतो. खात्यातली शिल्लक बघा, आणि खरंच आले असतील तर बँकेतून परत जाऊ द्या.

भीड आणि भीती

वरचं सगळं ठाऊक असलेली माणसंही फसतात. का, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. आपल्याला माणसाला तोंडावर नाही म्हणता येत नाही. फोनवर कुणी अदबीनं बोलत असेल तर मध्येच फोन ठेवणं हा आपल्याकडं उद्धटपणा. आणि कुणी दरडावून बोलत असेल, स्वतःला साहेब म्हणवत असेल, तर पिढ्यान्‌पिढ्या कचेरीसमोर हात जोडून उभं राहिल्याची सवय आड येते. भीड आणि भीती या दोन दोऱ्या आहेत. चोर त्यातली एक धरून ओढतो.

'डिजिटल अरेस्ट' ही दुसरी दोरी. तुमच्या नावाच्या पार्सलात अमली पदार्थ सापडले, तुमच्या आधारवर मुंबईत सिम निघालं, असं सांगून व्हिडिओ कॉलवर वर्दीतला माणूस दाखवतात. कॅमेरा बंद करायचा नाही, घरात कुणाला सांगायचं नाही, खातं 'तपासणीसाठी' रिकामं करायचं. २०२४ मध्ये लुधियानाच्या वर्धमान उद्योगसमूहाचे प्रमुख एस. पी. ओसवाल यांना चोरट्यांनी सर्वोच्च न्यायालयाची खोटी सुनावणीच व्हिडिओवर घडवून दाखवली आणि सात कोटी रुपये काढले. एवढा मोठा उद्योग चालवणारा माणूस फसतो, तर पेन्शनवर जगणारे गुरुजी फसले म्हणून त्यांना हसू नये. २७ ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांनी कायद्यात असली काही अटक नसल्याचं सांगितलं. १ डिसेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं या गुन्ह्यांचा तपास सीबीआयकडं सोपवला.

भारतातला कुठलाही पोलीस, न्यायाधीश, ईडीवाला व्हिडिओ कॉलवर अटक करत नाही आणि पैसे मागत नाही. "घरात सांगू नका" हे वाक्य आलं की तिथंच फोन ठेवा आणि पहिलं काम म्हणून घरात सांगा. कॉलवाल्यानं ठाण्याचं नाव घेतलं तर सांगा, कळंबच्या ठाण्यात येतो, तिथं भेटू. एवढं म्हटलं की पलीकडचा आवाज बदलतो.

आवाजाचं आणखी एक आहे. आता यंत्र कुणाचाही आवाज काढतं. पुण्याला शिकणाऱ्या पोराचा रडका आवाज येतो, "बाबा, ॲक्सिडेंट झालाय, पैसे पाठवा." पूर्वी घरातली वस्तू न्यायला परका माणूस आला तर त्याच्याकडं खूण मागायचे, धन्यानं सांगितलेली खूण पटली तरच वस्तू हाती पडायची. ती रीत पुन्हा सुरू करा. घरच्यांनी मिळून एक खुणेचा शब्द ठरवा, बैलाचं नाव असेल, जुन्या शेताचं असेल. तो फोनवर लिहून ठेवू नका.

आपला नंबर हेच आपलं दार

दहावीच्या निकालाचा गट, भिशीचा गट, सोयाबीन भावाचा गट, भावकीचा गट. प्रत्येकात दोन-तीनशे माणसं आणि त्या सगळ्यांना आपला नंबर, फोटो दिसतो. सेटिंगमध्ये 'प्रायव्हसी'त जाऊन प्रोफाइल फोटो, लास्ट सीन, अबाउट आणि 'ग्रुप्स' हे चारही 'माय कॉन्टॅक्ट्स'वर आणा. मग अनोळखी माणूस शेअर बाजाराच्या भामट्या गटात तुम्हाला परस्पर ओढू शकणार नाही. 'टू-स्टेप व्हेरिफिकेशन'चा सहा आकडी पिन लावा. पोरींचे प्रोफाइल फोटो उचलून त्यात खाडाखोड करण्याचे प्रकार गावोगाव होतात, म्हणून हे काम आजच करा, उद्यावर टाकू नका.

कुरिअरवाला किंवा कंपनीवाला फोनवर चांदणी नि चौकटीची खूण असलेला काही क्रमांक दाबायला सांगत असेल तर दाबू नका. त्यानं तुमचे कॉल त्याच्याकडं वळतात आणि कॉलवर मिळणारा ओटीपीही. दाबलाच असेल तर ##००२# लावा, सगळी वळवावळव रद्द होते.

'संचार साथी'च्या संकेतस्थळावर आपल्या नावावर किती सिम चालू आहेत ते फुकटात दिसतं. एका माणसाला नऊच्या वर घेता येत नाहीत. न ओळखीचा नंबर दिसला तर तिथंच 'माझा नाही' म्हणता येतं. हरवलेला फोन बंद करायची सोयही तिथंच आहे. यात्रेच्या गर्दीत फोन गेला तर हे माहीत असलेलं बरं. येरमाळ्याला चैत्रात येडेश्वरीच्या चुन्याच्या रानात माणसाला माणूस दिसत नाही, तिथं फोन कुठला सापडायला.

निनावी अर्ज

आतापर्यंत झाकायचं काय ते सांगितलं. पण नाव झाकून बोलावंसं वाटणं हा काही चोरांचाच हक्क नव्हे. आपल्याकडं निनावी अर्जाची परंपरा जुनी आहे. रेशनमध्ये काटा मारला जातो, रस्त्याचं काम कागदावरच झालं, दीर हात टाकतो. नाव घालून सांगायची सोय नसते. १३ जानेवारी २०१० ला तळेगाव दाभाड्यात सतीश शेट्टी यांचा खून झाला. जमिनींचे गैरव्यवहार माहितीच्या अधिकारातून ते उघड करत होते, उघड नावानं. निनावी राहावंसं वाटणाऱ्या माणसाला भित्रा म्हणण्याआधी ही तारीख आठवावी. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी गोपनीयता हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल एकमतानं दिला. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ६(२) प्रमाणे तर माहिती कशाला हवी, हे अर्जदाराला विचारताच येत नाही.

पण इंटरनेटवर निनावी राहणं लोकांना वाटतं तितकं सोपं नाही. 'इन्कॉग्निटो' खिडकी फक्त तुमच्या फोनवर इतिहास ठेवत नाही. मोबाइल कंपनीला आणि संकेतस्थळाला तुम्ही दिसता ते दिसताच. व्हीपीएन वापरलं तर मोबाइल कंपनीऐवजी व्हीपीएनवाल्याला दिसता. फुकटचं व्हीपीएन म्हणजे घराची किल्ली रस्त्यावरच्या माणसाला देणं. खोट्या नावानं इन्स्टाग्रामवर खातं काढून वर्गातल्या मुलीला छळणारा पोरगा स्वतःला अदृश्य समजतो. त्याचा मोबाइल नंबर आणि इंटरनेटचा पत्ता कंपनीकडून पोलिसांना मिळतो. दुसऱ्याचं सोंग घेऊन संगणकावरून फसवलं तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ड खाली तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे.

आणि तालुक्याच्या गावी आणखी एक अडचण असते, जिच्यावर कुठलंही ॲप चालत नाही. इथं माणूस नंबरावरून नाही, मजकुरावरून ओळखतात. "त्या दिवशी टेंडर उघडलं तेव्हा खोलीत चारच जण होते" असं लिहिलं की चौघांतला कोण ते चहाच्या गाडीवर ठरतं. कुणाच्या शब्दात नेहमी 'वस्तुतः' येतं, कोण स्वल्पविरामाआधी जागा सोडतं, हे शिक्षक असलेल्या गावात लपत नाही. म्हणून निनावी तक्रार करायचीच असेल तर फक्त तुम्हालाच ठाऊक असलेला तपशील गाळा. ज्याची नोंद कागदावर आहे, जे कुणालाही तपासता येईल, ते लिहा. स्वतःच्या अक्षरातला कागद, स्वतःच्या ओट्यावरून काढलेला फोटो पाठवू नका. फोनच्या कॅमेऱ्यात लोकेशन चालू असेल तर फोटोच्या पोटात जागा नोंदली जाते. ते आधी बंद करा. लाच मागितली असेल तर त्यापेक्षा सरळ मार्ग आहे: लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ क्रमांक, तक्रारदाराचं नाव ते गुप्त ठेवतात. महिला आणि मुलांच्या लैंगिक छळाच्या काही गुन्ह्यांची तक्रार केंद्र सरकारच्या सायबर क्राइम पोर्टलवर नाव न देता करता येते.

व्हिडिओ कॉल उचलताच समोर नग्न बाई आणि मग "तुमचा व्हिडिओ भावकीला पाठवतो" अशी धमकी, हा प्रकार आमच्याकडं पुष्कळ पुरुषांवर आलेला आहे आणि कुणी बोलत नाही. एक हप्ता दिला की दुसरा मागतात. द्यायचा नाही. स्क्रीनशॉट ठेवा, नंबर ब्लॉक करा, तक्रार करा. बायकोला सांगितलं तर फार तर दोन दिवस अबोला राहील.

पैसे गेल्यावर

१९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर कालनिर्णयाच्या शेजारी भिंतीवर लिहून ठेवा. फोनमध्ये साठवलेला उपयोगी पडेलच असं नाही. फोनच गेलेला असू शकतो. चोरीचा पैसा एका खात्यातून दुसऱ्या, तिथून चौथ्या-पाचव्या खात्यात काही मिनिटांत फिरतो आणि मग एटीएममधून निघतो. तो वाटेत असतानाच गोठवला तर सापडतो. म्हणून आधी जिल्ह्याच्या गावाची एसटी पकडायची नाही. आधी १९३०, लगेच बँक. व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक, रक्कम, वेळ आणि बँकेचं नाव हाताशी ठेवा. मग पोर्टलवर तक्रार पूर्ण करा आणि जवळच्या ठाण्यात जा. धाराशिवचं सायबर ठाणं लांब पडतं म्हणून थांबू नका. नव्या नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे गुन्हा कुठंही घडला असला तरी कोणत्याही ठाण्यात नोंदवता येतो.

बँकेला लेखी द्या आणि पोच घ्या. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार चूक ना तुमची ना बँकेची, मधल्याच कुणाची असेल आणि तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलंत, तर तुमच्यावर भार येत नाही. तुम्ही स्वतः पिन सांगितला असला तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं; पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणजे पिन सांगून बसलेल्यानंही वेळ घालवू नये. आणि गुगलवर "पैसे परत मिळवून देतो" म्हणणारे जे नंबर सापडतात ते दुसऱ्या फेरीचे चोर असतात. १९३० फी घेत नाही.

एक शेवटचं, हे कॉलेजातल्या पोरांसाठी. ही चौथी-पाचवी खाती कुणाची असतात? पुष्कळदा तुमच्यासारख्यांची. चहाच्या गाडीवर कुणी तरी म्हणतो, "तुझं खातं, एटीएम आणि सिम दोन महिने दे, दहा हजार देतो. गेमिंगचे पैसे आहेत." पासबुक तुमच्या नावाचं, सही तुमची, फोटो तुमचा. नागपूरच्या कुणा म्हातारीचे पैसे त्यातून गेले की दुसऱ्या राज्यातले पोलीस तुमच्या दारात येतात आणि पैसे देणारा दादा फोन उचलत नाही. तो अख्ख्या साखळीत निनावी राहतो. नाव फक्त तुमचंच असतं.